वजनकाट्यावरच्या संगणकाला डिस्क दिसेना

‘कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’. मूळ डिस्क उघडता आली नाही, म्हणून कर्नल थांबला, असा तिचा अर्थ. लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतः बांधणाऱ्यांना ही ओळ अनोळखी नसते. या प्रकरणात ती उमटली एका सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. गाळप संपलेलं होतं, काटा मोकळा होता, म्हणूनच कर्नल बदलायला हीच वेळ निवडली होती. ४.१९ वरून थेट ६.१. बांधणी निर्धोक पार पडली, संगणकानं कुठे एक शब्दाचीही तक्रार केली नाही, आणि रीबूट केल्यावर नव्या कर्नलला डिस्कच सापडेना.

खोलात गेल्यावर एकाखाली एक अशा चार अडचणी निघाल्या. त्यातल्या दोन अडचणींत काहीतरी नाहीसं झालं होतं आणि त्याची वाच्यता कुणीही केली नव्हती. प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते त्या न बोलण्यामुळे.

यंत्र काय होतं

पंखा नसलेली बंदिस्त औद्योगिक पेटी. आत इंटेलचा ॲटम एन२७० प्रोसेसर, १.६ गिगाहर्ट्झचा, निव्वळ ३२ बिटी. सोबत ९४५ घराण्याचा चिपसेट आणि आयसीएच७ चिप. हार्डडिस्क नाही. काट्यावर धूळ असते, पाचटाचा भुसा असतो, भरलेला ट्रक चढला की खोली हलते. तिथे फिरणारी डिस्क फार दिवस टिकत नाही. म्हणून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड. हे कार्ड मुळातच एटीएची, म्हणजे डिस्कशी बोलायच्या प्रमाण पद्धतीची, भाषा बोलतं, त्यामुळे आयडीईच्या, म्हणजे जुन्या डिस्क-जोडणीच्या, जागी ते थेट बसतं. मधला अडॅप्टर फक्त तारा जुळवतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काट्याच्या इंडिकेटरमधून सिरीयल तारेनं वजन येतं, पावती निघते, नोंद कारखान्याच्या मुख्य सर्व्हरला जाते. ज्या पुरवठादारानं हे बसवलं त्यानं वितरणाचा (डेबियनसारख्या तयार लिनक्स संचाचा) कर्नल न वापरता खास बांधलेला टाकला, आणि इनिटरामएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम, ठेवलीच नाही. त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. हंगामात वीज जाते-येते, बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते, यंत्र झटकन उठलं पाहिजे. लागतील ते ड्रायव्हर कर्नलच्या पोटातच घालायचे, बाकी सगळं वगळायचं.

ती रचना २.६ च्या काळातली. त्यानंतर दर वेळी तेच झालं: जुनी कॉन्फिग फाइल (कर्नल बांधताना काय घ्यायचं, काय नाही ते सांगणारी) उचलायची, नव्या सोर्समध्ये ठेवायची, ‘मेक ओल्डकॉन्फिग’ म्हणायचं, ते विचारेल त्या नव्या प्रश्नांना एंटर दाबत जायचं. अशी ती फाइल ४.१९ पर्यंत पोचली. डिसेंबर २०२४ मध्ये ४.१९ चा दीर्घ मुदतीचा पाठिंबा संपला आणि कारखान्याच्या ईडीपी (संगणक) विभागानं ६.१ घ्यायचं ठरवलं. डेबियन १२ चा कर्नलही तोच, म्हणजे निवड समंजस होती. या वेळी प्रश्नांचा कंटाळा नको म्हणून ‘ओल्डडेफकॉन्फिग’ चालवलं, जे नव्या प्रश्नांना स्वतःच मूळ उत्तरं भरून टाकतं.

पडदा वाचताना

ईडीपीतल्या मुलानं मला फोनवरून पडदा वाचून दाखवला.

“सर, रूट=चा पर्याय बरोबर द्या म्हणतोय. उपलब्ध पार्टिशन्स पुढीलप्रमाणे, असंही म्हणतोय.”

“मग खाली कुठली नावं आहेत?”

“नावंच नाहीत. त्याच्याखाली डायरेक्ट पॅनिक.”

निम्मं निदान तिथेच झालं. या पॅनिकच्या ओळीवर सगळ्यांचं लक्ष जातं, पण उपयोगाची असते ती तिच्या वरची यादी. यादीत पार्टिशन्स दिसत असतील आणि कंसात (८,१) सारखे आकडे असतील, तर डिस्क सापडली आहे, पण फाइलसिस्टिमचा ड्रायव्हर नाही किंवा फाइलसिस्टिम खराब आहे. यादी दिसते आहे आणि कंसात मात्र (०,०) आहे, तर रूट= मध्ये, म्हणजे बूटच्या ओळीत मूळ डिस्कसाठी, दिलेलं नाव या कर्नलला माहीत नाही. आणि यादीच कोरी असेल, तर कर्नलला एकही ब्लॉक डिव्हाइस (डिस्कसारखं साधन) मिळालेलं नाही. मग रूट= मध्ये कितीही नावं बदलून पाहा, काही होणार नाही. लोक मात्र नेमके त्यातच अडकतात, कारण संदेश स्वतःच ‘रूट= नीट द्या’ असं सुचवतो.

बूटच्या यादीत जुना कर्नल शाबूत होता. तो निवडून यंत्र उठवलं आणि ‘एलएसपीसीआय’ या, यंत्रातल्या चिपची यादी देणाऱ्या प्रोग्रामला डिस्कच्या कंट्रोलरबद्दल विचारलं. ओळख क्रमांक निघाला ८०८६:२७डीएफ, म्हणजे आयसीएच७ चा आयडीई कंट्रोलर. त्याखाली वापरात असलेल्या ड्रायव्हरचं नाव: ‘पीआयआयएक्स_आयडीई’. ते नाव पाहिल्यावर उरलेला अंदाज बांधायला वेळ लागला नाही. २०२४ साल संपेपर्यंत हे यंत्र लिनक्सच्या जुन्या आयडीई ड्रायव्हरवर चाललं होतं.

दोन घराणी

लिनक्समध्ये एकाच डिस्कसाठी अनेक वर्षं दोन ड्रायव्हर-घराणी नांदत होती. पहिलं जुनं आयडीई, ज्यात डिस्क ‘एचडीए’, ‘एचडीबी’ अशा नावांनी दिसत. दुसरं लिबएटीए. साटा (नव्या सिरीयल जोडणीच्या) डिस्क बाजारात आल्या तेव्हा जेफ गार्झिक यांनी ते उभं केलं. त्यात एक मोठा निर्णय होता: डिस्कचं वरचं सगळं काम कर्नलच्या एससीएसआय (मुळात दुसऱ्या एका डिस्क-जोडणीसाठी लिहिलेल्या) थराकडे सोपवायचं. म्हणून साटा डिस्क ‘एसडीए’ म्हणून दिसू लागल्या. पुढे ॲलन कॉक्स यांनी जुन्या पॅरलल एटीए (म्हणजे आयडीईच, लघुरूप पाटा) चिपसाठीही लिबएटीएचे ड्रायव्हर लिहिले आणि ते २००६ च्या अखेरीस, २.६.१९ मध्ये, मुख्य कर्नलमध्ये आले. फेडोरा ७ नं मे २००७ मध्ये हा बदल एका झटक्यात केला. तेव्हा ‘माझी एचडीए कुठे गेली’ म्हणून बराच गलका झाला होता. इतर वितरणंही त्याच वाटेनं गेली.

वितरणाचा कर्नल वापरणाऱ्यांचं स्थलांतर असं दुसऱ्यानं करून दिलं. स्वतः कर्नल बांधणाऱ्यांवर तशी सक्ती नव्हती, कारण कॉन्फिगमध्ये जुनं घराणं तसंच उपलब्ध होतं. मेन्यूत त्याच्यापुढे ‘डेप्रिकेटेड’ असं लिहिलेलं होतं, पण ओल्डकॉन्फिग चालवणारा माणूस मेन्यू उघडत नाही. ४.१९ नंतर या ड्रायव्हरमध्ये आणखी एक इशारा घातला गेला होता: जुनं आयडीई २०२१ मध्ये काढलं जाईल, लिबएटीएकडे वळा. तो बूटच्या वेळी छापला जाई. ५.१० वापरणाऱ्यांना तो दिसला असेल. ४.१९ वरून ६.१ वर उडी मारणाऱ्याला तो दिसण्याची सोयच नव्हती. ऑगस्ट २०२१ मध्ये ५.१४ आली आणि त्यात क्रिस्टोफ हेलविग यांच्या बदलानं जुनं आयडीई घराणं कर्नलमधून पूर्ण निघालं.

कॉन्फिग फाइल नेमकं काय सांगते

खरी मेख इथे आहे. आपण समजतो की कॉन्फिग फाइल म्हणजे आपल्या यंत्राचं वर्णन. ती तशी नसते. ती एका विशिष्ट आवृत्तीनं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरपत्रिका असते. प्रश्नच रद्द झाला तर त्याचं उत्तर फाइलमधून गळतं, आणि ६.१ मधली यंत्रणा ते निमूटपणे गाळते. ‘हा पर्याय मला माहीत नाही’ एवढंही म्हणत नाही.

या फाइलमध्ये जुन्या आयडीईच्या सगळ्या पर्यायांना ‘वाय’ (कर्नलच्या पोटात घ्या) होतं: मूळ आयडीई, डिस्कचा भाग, पीआयआयएक्स चिपचा ड्रायव्हर. ६.१ मध्ये हे पर्याय अस्तित्वातच नव्हते. गळाले. आता लिबएटीएबद्दल तरी विचारायला हवं होतं की नाही? नाही, आणि ते नियमाला धरूनच होतं. ओल्डकॉन्फिग फक्त नव्या प्रश्नांना थांबतं. लिबएटीएचा प्रश्न नवा नव्हता. तो ४.१९ मध्येही होता आणि त्याचं उत्तर फाइलमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं: ‘सेट केलेलं नाही’. पुरवठादारानं अनेक वर्षांपूर्वी, एकाच चिपवर दोन ड्रायव्हर भांडू नयेत म्हणून, ते मुद्दाम बंद केलं असणार. तेव्हाचा बरोबर नकार आजवर इमानेइतबारे पाळला गेला. ओल्डडेफकॉन्फिगऐवजी ओल्डकॉन्फिग चालवून प्रत्येक प्रश्न डोळ्यांत तेल घालून वाचला असता तरी हा प्रश्न समोर आला नसता.

याच फाइलमध्ये याच्या नेमकं उलट उदाहरणही होतं. कार्डवरची फाइलसिस्टिम ईएक्सटी३ होती. ईएक्सटी३ चा स्वतंत्र ड्रायव्हर २०१५ मध्येच, ४.३ आवृत्तीत, काढून टाकला गेला; ते काम ईएक्सटी४ करतो. पण काढणाऱ्यांनी ईएक्सटी३ चा पर्याय नावापुरता जागेवर ठेवला आणि तो निवडला की ईएक्सटी४ आपोआप निवडला जाईल अशी सोय केली. परिणाम असा की या कारखान्यात तो बदल झाला हे कुणाला कळलंही नाही. आयडीईसाठी असा पूल बांधणं अवघड होतं हे मान्य, कारण डिस्कचं नावच बदलत होतं. तरीही दोन्ही वागणुकी शेजारी ठेवून पाहिल्या की वाटतं, निदान एक ओळीचा इशारा कॉन्फिगच्या वेळी यायला हरकत नव्हती. ६.१ नंतरच्या कर्नलमध्ये अनोळखी पर्यायांबद्दल इशारा देणारा एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आला आहे, पण तो स्वतःहून चालू नसतो.

गळालेलं पाहायचं साधन मात्र पूर्वीपासून सोर्समध्येच आहे: ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमधला ‘डिफकॉन्फिग’. जुनी आणि नवी फाइल दिली की उणे चिन्हानं सुरू होणाऱ्या ओळींत गेलेले पर्याय दाखवतो. इथे तो चालवल्यावर त्या ओळींत आयडीईचा सगळा वंश एका रांगेत मिळाला. यादी लांब होती. आवाजाची आणि जुन्या नेटवर्क कार्डांची नावंही त्यात होती आणि त्यांच्याशी या यंत्राचा संबंध नव्हता. पण आपल्या कंट्रोलरचं नाव आधीच हाती असेल तर शोधायला वेळ लागत नाही.

कार्ड दिसलं, डिस्क नाही

मेन्यूकॉन्फिग उघडून लिबएटीए चालू केलं. त्याखालचे एसएफएफ आणि बीएमडीएमए हे पर्याय आपोआप चालू झाले. मग इंटेलच्या आयसीएच-पीआयआयएक्स चिपसाठीचा ‘एटीए_पीआयआयएक्स’ निवडला. ईडीपीतल्या मुलाची बोटं आधी ‘ओल्डपीआयआयएक्स’कडे गेली होती, यंत्र जुनं म्हणून. ते नाव फसवं आहे. तो ड्रायव्हर पीआयआयएक्सच्या अगदी सुरुवातीच्या चिपसाठी आहे, आयसीएच७ शी त्याचं काही देणंघेणं नाही. कुणीतरी त्याला ‘एएचसीआय चालू करा’ असंही सुचवलं होतं. एएचसीआय साटा कंट्रोलरचं. हा पॅरलल एटीएचा.

पुन्हा बांधणी, पुन्हा बूट. आता पडद्यावर ‘एटीए१.००: सीएफए:’ आणि पुढे कार्डाचं नाव. त्याखाली एससीएसआय थराची ‘डायरेक्ट-ॲक्सेस एटीए’ अशी ओळ. आणि त्याखाली पुन्हा तीच कोरी यादी, तोच पॅनिक.

“सर, कार्ड तर ओळखलंय की!”

ओळखलं होतं. पण लिबएटीए फक्त डिस्कशी बोलतं आणि तिला एससीएसआय थरासमोर उभी करतं. तिच्यातून ‘एसडीए’ नावाचं ब्लॉक डिव्हाइस घडवणारा ड्रायव्हर वेगळा: ‘एससीएसआय डिस्क सपोर्ट’. लिबएटीए निवडलं की कर्नल एससीएसआयचा गाभा स्वतःहून निवडतो, डिस्कचा हा ड्रायव्हर निवडत नाही. ज्या यंत्रात एससीएसआयची एकही तार नाही तिथे ‘एससीएसआय डिस्क’ चालू करायचं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पण त्या पर्यायाच्या मदत-मजकुरात साटा, पाटा आणि यूएसबी या तिन्ही डिस्कची नावं आहेत.

गंमत अशी की फाइलमध्ये तो पर्याय बंदही नव्हता. ‘एम’ होता, मॉड्यूल म्हणून, म्हणजे वेगळ्या फाइलमध्ये राहणारा आणि लागेल तेव्हा चढणारा तुकडा. केव्हातरी कुणाला पेनड्राइव्हवर नोंदी न्यायच्या असतील, त्यासाठी यूएसबी स्टोरेज आणि एससीएसआय डिस्क दोन्ही मॉड्यूल करून ठेवले होते. जोवर मूळ डिस्क एचडीए होती तोवर ते योग्यच होतं. आता मूळ डिस्क वाचायला जे मॉड्यूल लागणार, ते त्याच डिस्कवर ‘/लिब/मॉड्यूल्स’मध्ये पडलेलं. कुलपाची किल्ली कुलूपबंद पेटीत. इनिटरामएफएस असती तर तिनं हेच काम केलं असतं: आवश्यक मॉड्यूल बूटलोडरकरवी आधी मेमरीत आणून ठेवायची. ती नसेल तर कंट्रोलरपासून फाइलसिस्टिमपर्यंतच्या प्रत्येक कडीला ‘वाय’च हवं, एकालाही ‘एम’ चालत नाही. मदत-मजकुरात तेही लिहिलेलं आहे.

नावाचा प्रश्न

एससीएसआय डिस्कला ‘वाय’ दिल्यावर यादीत पहिल्यांदा ‘एसडीए१’ उमटलं. पॅनिक कायम, कारण बूटच्या ओळीत अजून ‘रूट=/डेव्ह/एचडीए१’ होतं. हा टप्पा सोपा, पण इथे घाई केली तर परतीची वाट बंद होते.

एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) एचडीए१ च्या जागी एसडीए१ लिहिलं की नवा कर्नल चालेल, पण जुना कर्नल तोच एफएसटॅब वाचून अडखळेल. हंगाम तोंडावर आला आणि नव्या कर्नलनं काही दगा दिला तर जुन्यावर परत येता आलं पाहिजे. म्हणून एफएसटॅबमध्ये फाइलसिस्टिमचा यूयूआयडी, म्हणजे तिचा स्वतःचा ओळख क्रमांक, टाकला. तो दोन्ही कर्नलमध्ये सारखाच लागू पडतो, कारण तो शोधायचं काम माउंट करणारा प्रोग्राम करतो.

बूटच्या ओळीत मात्र यूयूआयडी चालत नाही. बरेच जण इथे ठेचकाळतात. वितरणाच्या संगणकावर ‘रूट=यूयूआयडी=’ पाहिलेलं असतं, तेच इथे लिहितात आणि पुन्हा (०,०). ते समजून घेणारा प्रोग्राम इनिटरामएफएसमध्ये असतो. एकट्या कर्नलला फाइलसिस्टिमचा यूयूआयडी वाचता येत नाही. त्याला पार्टयूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांक, कळतो. जुन्या एमबीआर पद्धतीनं पार्टिशन केलेल्या कार्डवर तो म्हणजे डिस्कची ३२ बिटी सही, आडवी रेघ आणि पार्टिशनचा क्रमांक. ‘बीएलकेआयडी’ तो छापून देतं. नव्या कर्नलच्या नोंदीत तो लिहिला, जुन्याच्या नोंदीत एचडीए१ तसंच ठेवलं.

याचा काट्यावर एक जादा फायदा होतो. कारखाना या कार्डाची हुबेहूब प्रत काढून कपाटात ठेवतो. ‘डीडी’नं काढलेल्या प्रतीवर सहीसुद्धा तीच येते, त्यामुळे मूळ कार्ड मेलं तर प्रत खाचेत सरकवली की बूटची ओळ न बदलता यंत्र उठतं. फक्त दोन्ही कार्डं एकाच वेळी एकाच यंत्राला लावून बूट करू नये. रीडरमध्ये प्रत लावून ठेवली असेल तर कर्नल कुठलं पार्टिशन उचलेल याचा भरवसा नाही.

शेवटची अडचण

यंत्र उठलं, पण फार रेंगाळत. पडद्यावर डीएमएनं (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत) वाचताना ‘टाइमआउट’, मग रीसेट, मग वेग उतरवल्याची ओळ, असं दोन-तीनदा होऊन मग गाडी रुळावर. लिबएटीए चुका मोजतं आणि वेग खाली आणत आणत शेवटी पीआयओवर (प्रोसेसरनं स्वतः माहिती हलवण्याच्या हळू पद्धतीवर) येऊन थांबतं, म्हणून बूट पुरं होत होतं.

कारण बूटच्या जुन्या ओळीतच लिहिलेलं होतं: ‘आयडीई_कोअर.नोडीएमए=०.०’. स्वस्त कॉम्पॅक्ट फ्लॅश अडॅप्टरमध्ये डीएमएच्या तारा जोडलेल्याच नसतात, कार्ड मात्र ‘मला डीएमए येतं’ असं सांगतं. पुरवठादाराला हे माहीत होतं आणि त्यानं पहिल्या डिस्कचं डीएमए बंद केलं होतं. नव्या कर्नलमध्ये आयडीई_कोअर नाही. नावात टिंब असलेला असा पर्याय कर्नल कुठल्यातरी मॉड्यूलचा समजतो आणि ते मॉड्यूल नसेल तर काही न बोलता पुढे जातो. कॉन्फिगमध्ये झालं तेच बूटच्या ओळीतही झालं.

लिबएटीएत याला पर्याय आहे: ‘लिबएटीए.डीएमए=३’. यातला १ साध्या डिस्कसाठी, २ सीडीरॉमसाठी आणि ४ कॉम्पॅक्ट फ्लॅशसाठी. ३ दिलं की पहिल्या दोघांना डीएमए राहतं, कार्डाला मिळत नाही. ते टाकल्यावर टाइमआउट थांबले. कार्ड पीआयओवर हळू वाचलं जातं हे खरं, पण पावतीएवढ्या नोंदीला त्यानं फरक पडत नाही. तारा जोडलेला अडॅप्टर बसवणं हा खरा इलाज. तो खरेदीच्या फायलीत गेला आहे.

वितरणाचा कर्नल का नाही

हा प्रश्न ईडीपीच्या प्रमुखांनी विचारला आणि रास्त होता. डेबियन १२ मध्ये ३२ बिटी कर्नल मिळतो, त्यात लिबएटीए आहे, इनिटरामएफएस आपोआप तयार होते. यातल्या पहिल्या दोन अडचणी आल्याच नसत्या. तिसरी आणि चौथी मात्र तरीही आली असती, कारण बूटची ओळ आणि एफएसटॅब शेवटी माणसानंच लिहिलेले असतात.

माझं मत वितरणाच्या कर्नलच्या बाजूनं होतं आणि आहे. काट्यावरच्या यंत्राला असं काही खास हार्डवेअर नाही, ज्यासाठी वेगळा कर्नल सांभाळावा. कारखान्यानं तूर्त स्वतःचाच ठेवला आहे, वीज आल्यावर लवकर उठतो एवढ्यासाठी. मग निदान ती फाइल तरी २.६ च्या वारशातून सोडवावी असं ठरलं. वितरणाची ६.१ ची कॉन्फिग घ्यायची आणि तिच्यातून नको ते कमी करत जायचं. ‘लोकलमॉडकॉन्फिग’ हे काम करतं, पण ते चढलेली मॉड्यूल पाहून ठरवतं; सगळं पोटात घातलेल्या जुन्या कर्नलवर ते चालवलं तर त्याच्या हाती काही लागत नाही. आधी वितरणाचा कर्नल एकदा बूट करायचा, काटा, प्रिंटर, पेनड्राइव्ह सगळं जोडायचं, आणि मग ते चालवायचं. त्यानंतर कंट्रोलर, एससीएसआय डिस्क आणि ईएक्सटी४ या तिघांना हातानं ‘एम’चं ‘वाय’ करायचं.

नवा कर्नल आता काट्यावर आहे. जुना ४.१९ बूटच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर ठेवला आहे, येत्या गाळपाचे पहिले काही आठवडे पार पडेपर्यंत. सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ‘एचडीपार्म’ची (डिस्कची सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रामची) एक ओळ एचडीए शोधत होती, तीही काढली, ती कित्येक वर्षं काय करत होती हे सांगणारं कारखान्यात आता कुणी नाही.